९०० मीटर उंचीवरचं बंदर

नॉर्वेतल्या छोट्या किनारी गावाचं वर्णन चार ओळींत उरकतं. पाठीशी डोंगर, पुढ्यात फ्योर्ड, मध्ये लाकडी घरं आणि इतिहासात एखादी मोठी आग. ओलेसुंद हे गाव जानेवारी १९०४ मध्ये एका रात्रीत जळालं आणि पुन्हा दगडविटांत इतकं देखणं उभं राहिलं की पर्यटकांनी त्या आगीचे आभारच मानावेत. बेंगळुरूचं वर्णन करायला बसलेल्याची मात्र पंचाईत होते. समुद्र नाही, धड नदी नाही, आणि शहर चढून बसलंय समुद्रसपाटीपासून ९०० मीटरांवर. तरीही बेंगळुरू हे किनारी गावच आहे, असं माझं म्हणणं आहे. फक्त इथे किनारा पाहायला बसस्टँडवर जावं लागतं.

बंदरापासूनच सुरुवात करू. मॅजेस्टिकचा बसस्टँड धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर आहे. म्हणजे तिरुपतीच्या गाडीची वाट पाहणारा प्रवासी तळ्याच्या तळाशी उभा असतो, आणि गाडी वेळेवर येत नाही ते या खोलीला शोभूनच दिसतं. संपंगी तळ्यावर कंठीरव स्टेडियम झालं. केंपेगौडानं १५३७ च्या सुमारास गाव वसवलं. तेव्हापासून इथल्या लोकांनी उतारावर एकाखाली एक तळी बांधली, वरचं भरलं की राजकालुव्यातून, म्हणजे मोठ्या नाल्यातून, खालच्यात पाणी जाईल अशी. त्यांच्या वंशजांनी तळी बुजवली, राजकालुव्यांवर घरं बांधली. पाण्याला मात्र या बदलाची नोटीस कोणी दिली नाही. त्यामुळे ते जुन्याच पत्त्यावर येतं. नॉर्वेत १८९३ पासून हुर्तिग्रुतेनची बोट किनाऱ्यावरच्या गावांना टपाल नि माणसं पोचवत आली. सप्टेंबर २०२२ च्या पुरात आउटर रिंग रोडच्या परिसरात हीच सेवा ट्रॅक्टरांनी चालवली, लॅपटॉप छातीशी धरलेल्या इंजिनिअरांसाठी. आगीतही बेंगळुरू मागे नाही. ओलेसुंदची घरं जळाली. इथे बेळ्ळंदूरचं तळंच पेटलं, २०१५ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये. विझवायला लष्कराचे जवान आले. लाटा कुठे आहेत, असं विचारणाऱ्यानं याच तळ्याचा रस्त्यावर उडून आलेला फेस आठवावा.

ही तळी माणसांनी बांधलेली, निसर्गाचा किनारा कुठला, असा आक्षेप येईल. पण नॉर्वेकरांना फ्योर्ड हिमनद्यांनी आयते कोरून दिले. कष्टानं बांधून मग स्वतःच बुजवलेल्या किनाऱ्यावर माणसाचा हक्क जास्त, असं मला वाटतं. दुसरा आक्षेप वजनदार आहे. एवढं पाणी होतं, तर शहर कावेरीचं पाणी सुमारे १०० किलोमीटरवरून आणून वर जवळजवळ अर्धा किलोमीटर चढवतं कशाला? उत्तर मुंबईला विचारावं. समोर अथांग समुद्र, आणि पिण्याचं पाणी भातसाहून. प्यायचं पाणी लांबून आणणं हे किनारी शहराचं लक्षणच आहे. आणि जहाजांचं काय? जहाजं नसली तरी व्हाइटफील्डला कंटेनर डेपो आहे, तिथे कस्टमवालेही बसतात. बंदराचा सगळा त्रास इथे मिळतो, वारा तेवढा खारा नाही.

मराठी वाचकासाठी एक पुरावा राखून ठेवला होता. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या स्वारीत हे शहर विजापूरकरांकडे आलं आणि शहाजीराजांना जहागीर मिळालं. शिवाजी महाराजांच्या लहानपणाचा काही काळ इथेच गेला. पुढे मराठी आरमार उभं करणाऱ्या मुलानं भरलेल्या तळ्यांचं हे गाव पाहिलं होतं. एवढ्यावरून निष्कर्ष काढणं इतिहासकाराला शोभणार नाही, प्रवासवर्णनात चालतं.

उरला शेवटचा मुद्दा, की खरा समुद्र इथून फार दूर आहे. खरंच आहे. पण बेंगळुरू पाणलोटाच्या माथ्यावर बसलंय. पश्चिम उताराचा पाऊस वृषभावतीतून अर्कावतीत, तिथून कावेरीत जातो. पूर्वेकडचा दक्षिण पिनाकिनीत. दोघंही जातात बंगालच्या उपसागराला, एक पूंपुहारजवळ, दुसरा कडलूरजवळ. अरबी समुद्र त्याहून फार दूर नाही, पण तिकडे यातला एकही थेंब वळत नाही. मंगळूरकर हे फारसं मनाला लावून घेत नसावेत.