देशाची परीक्षा, पोराची परीक्षा

4 डिसेंबर 2024 ला शाळांमधल्या पोरांना काय येतं ते मोजणारं ‘परख’चं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. तिसरी, सहावी, नववी. शहापूर तालुक्यातल्या डोळखांब खोऱ्यातली एखादी शाळा नमुन्यात आली की त्या दिवशी वर्गात असतील ती पोरं भारत होतात. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली कातकरी पोरं भारतात मोडत नाहीत, निदान त्या दुपारी तरी. निकाल पोराला नाही, जिल्ह्याला. ठाण्याला अपूर्णांक किती टक्के येतात ते दिल्लीला समजतं. आपल्या पोरीचं नेमकं कुठे अडतं ते आईला नाही. वर सर्वेक्षणाआधी त्याचीच सरावपरीक्षा! ताप मोजण्याआधी थर्मामीटर माठात बुडवायचा, दुसरं काय.

केंद्राच्या निवासी नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेशपरीक्षेला सगळं उलटं. 80 प्रश्न, 100 गुण, दोन तास, निम्मे प्रश्न बुद्धिमत्तेचे. एक पोरगं निवडलं गेलं की नाक्यावर फ्लेक्स: ‘आमच्या शाळेचे यश’. उरलेल्या वर्गाला वाचता येतं का, हे ती परीक्षा विचारतच नाही. ‘जिल्हा सरासरीच्या आसपास’ या मजकुराखाली मात्र कुठल्याच साहेबांना फोटो नको असतो.

सर्वेक्षणानंतर दोनच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळाने 28 नवी नवोदय विद्यालयं मंजूर केली. महाराष्ट्राला एक, तेही ठाणे जिल्ह्याला. उत्तरपत्रिका तपासून व्हायच्या आत उपाय तयार! एका विद्यालयात सहावीच्या जागा जास्तीत जास्त 80, त्यातल्या किमान 75 टक्के ग्रामीण. म्हणजे साठेक पोरं, शहापूर, मुरबाड, भिवंडी, कल्याण आणि अंबरनाथ मिळून.