दुभाषी

कंपनी सरकारच्या अमदानीत दोन दरबारांच्या मध्ये दुभाषी नावाचा एक इसम उभा असे. त्याच्या पदरी ना फौज असे ना त्याच्या नावे मुलूख; तथापि आलेल्या खलित्याचा अर्थ त्याच्या जिभेवर ठरत असल्यामुळे उभय पक्षांचे मातब्बर त्याच्या तोंडाकडे पाहत बसत. ही जमात अव्वल इंग्रजीबरोबर लयाला गेली अशी माझी समजूत होती; चाकणच्या एका कारखान्याच्या कचेरीत नोकरीस लागलो आणि ती दूर झाली.

त्या कचेरीत दोन दरबार नांदत होते. पहिला सॅप या संगणकप्रणालीचा. १९७२ साली आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी जर्मनीत स्थापिलेले हे संस्थान मोठे शिस्तीचे: येथे खिळ्याला क्रमांक, क्रमांकाला खाते आणि खात्याला मंजुरी देणारा अंमलदार. दुसरा दरबार एक्सेलचा. तेथे लोकशाही, किंबहुना बेबंदशाहीच. ज्याला जे स्फुरेल ते त्याने हव्या त्या चौकटीत लिहावे आणि महत्त्वाचे वाटल्यास पिवळे करावे. या दोहोंच्या मध्ये, भांडाराच्या खिडकीलगत, कपाळावर चष्मा चढवून बसलेल्या गृहस्थांना आम्ही माघारी दुभाषी म्हणत असू. समोर अर्थातच काका.

सकाळी आल्याबरोबर हातपाय धुऊन काका सॅपमध्ये ‘एमबी फिफ्टी टू’ हा मंत्र टंकीत, शिलकेचा ‘डंप’ काढीत, तो एक्सेलमध्ये ओतीत आणि मग ‘व्हीलुकअप मारतो’ असे म्हणून बाह्या सरसावीत. भाषांतर मात्र सोपे नव्हते. सॅपच्या पोटात मालाचा अंकी क्रमांक पुढे शून्यांची रांग लावून अठरा घरे भरून बसलेला; एक्सेलच्या लेखी पुढच्या शून्यांची किंमत शून्यच असल्यामुळे ते ती सफाचट करी, आणि मग एकाच खिळ्याची दोन दरबारांत ओळखदेख राहत नसे. सॅपची रीत उणे चिन्ह आकड्याच्या पाठीमागे लिहिण्याची. असा पाठीमागून उणा झालेला आकडा एक्सेल निव्वळ मजकूर समजे आणि बेरजेच्या पंक्तीला बसू देत नसे. काका त्याला शुद्ध करून पंक्तीत घेत. ही सेवा ते एक्सेलच्या एका पानात ६५,५३६ ओळी मावत त्या काळापासून करीत होते. २००७ च्या आवृत्तीत त्या ओळी सोळापट होऊन १०,४८,५७६ झाल्या, काकांच्या पगाराने मात्र हा कित्ता गिरवला नाही.

पगार नसला तरी दरारा होता. मुलीच्या लग्नाच्या वेळी गुरुजींनी पंचांग पाहिले, काकांनी महिनाअखेरीचा हिशेब पाहिला, आणि मुहूर्त दोहोंच्या संमतीने निघाला. त्यांच्या संगणकात ‘स्टॉक-फायनल’, ‘स्टॉक-फायनल-नवी’ आणि ‘स्टॉक-फायनल-साहेब’ अशा तीन फायली दर्शनी नांदत. खरी फाईल ‘जुने-डिलीट करणे’ या नावाने अज्ञातवासात असे. साहेबांनी विचारावे, “काका, सॅपमध्ये शिल्लक किती?” आणि काकांनी नम्रपणे पृच्छा करावी, “सॅपमध्ये तीनशे चाळीस, रॅकवर तीनशे दहा. साहेब, आपल्याला कोणती हवी?”

हे दोन दरबार परस्पर जोडण्याची कल्पना काही आजची नव्हे. सॅप आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २००५ साली तसा करार जाहीर केला आणि २००६ मध्ये ‘ड्युएट’ नावाने तो अंमलात आणला. रजेचा अर्ज आउटलुकमध्ये लिहावा आणि तो सॅपच्या दप्तरी रुजू व्हावा, अशी ती सोय. ड्युएट म्हणजे युगुलगीत. परंतु युगुलगीतालाही कोणीतरी पेटीवर सूर धरून बसावे लागते, हे पाश्चात्यांच्या ध्यानी आले नसावे.

यथाकाल आमच्या कचेरीतही असा सेतू बांधण्यासाठी तरुण सल्लागारांची तुकडी आली. तिने तीन महिने चहा प्राशन केला, भिंतीवर बाणांची चित्रे काढली, काकांना “तुमची प्रोसेस सांगा” म्हणून छेडले, आणि अखेरीस एक्सेलच्या माथ्यावर एक निळी कळ बसवली. ती दाबताच सॅपचा ताजा आकडा कोणाच्याही मध्यस्थीवाचून चौकटीत उतरणार होता. उद्घाटनास पेढे आले. काका सर्वांच्या मागे, हाताची घडी घालून उभे राहिले. आम्हांला त्यांच्याकडे पाहवेना.

साहेबांनी कळ दाबली. क्षणार्धात तीनशे चाळीस हा आकडा प्रकट झाला. टाळ्या झाल्या. साहेबांनी त्या आकड्याकडे कौतुकाने पाहिले, पुन्हा पाहिले, मग मान वळवून गर्दीत कोणाला तरी शोधले आणि आवाज थोडा खाली आणून म्हणाले, “काका, बरोबर आहे ना हो हे? जरा पाहून सांगता?”

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला, अर्धा पेढा तोंडात टाकला आणि ते रॅकच्या दिशेने चालू लागले.