एकाच वेळी दोन हजेऱ्या

बोईसरला नाइट शिफ्ट मारून विरारच्या लोकलमध्ये बसलेला भावी वकील ओळखायला सोपा. खांद्याला डब्याची पिशवी, मांडीवर गाइडची झेरॉक्स आणि पालघर यायच्या आत मान खाली. शेजारच्या काकांना वाटतं, पोरगा वाचनात बुडालाय.

गणित साधं आहे. बार कौन्सिलच्या २००८च्या नियमांप्रमाणे आठवड्याला किमान ३० तासांचं वेळापत्रक आणि ७० टक्के हजेरी. कामगार कायदा म्हणतो, आठवड्याला कमाल ४८ तास काम. सुपरवायझर काय म्हणतो ते इथे छापता येत नाही. उरलेल्या वेळात प्रवास, संसार आणि मूट कोर्ट.

म्हणून मग हजेरीपटावर चमत्कार घडतात. डे शिफ्ट असली, की सकाळी अकराला बोईसरच्या मशीनवर अंगठा आणि त्याच अकराला कॉलेजात सही! १८७२च्या पुरावा कायद्यात कलम ११खाली उदाहरण होतं: गुन्हा कलकत्त्यात, पण आरोपी त्या दिवशी लाहोरला, ही बाब सुसंगत. आमच्या पठ्ठ्याची पंचाईत अशी, की तो दोन्हीकडे होता. (२०२४पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमात चेन्नई आणि लडाख आलेत. बोईसरचा नंबर अजून लागायचाय.)

परीक्षेत ‘अन्यत्र उपस्थिती’वर टीप आली, की हा सगळ्यांत आधी लिहून मोकळा. पेपरला मात्र स्वतः जातो. त्या दिवशी कारखान्यात त्याला ताप असतो.