ड्रायव्हरनाच दोष शे

आप्पा तुमच्याही कॉलनीत असणार, फक्त नाव वेगळं असेल. कुणाचा मिक्सर अडला की न बोलावता हजर. आमचे आप्पा एसटीतले निवृत्त कंडक्टर. नोकरी धुळे डेपोत संपली, मग जळगावला मुलाकडे येऊन राहिले. यंत्र कुठलंही असो, निदान ठरलेलं: "काही नही भो, ड्रायव्हरनाच दोष शे."

गेल्या मे महिन्यात, पारा ४५ला टेकलेला असताना, मी बिनतारी हेडफोन आणले. लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ होतंच. तरी हेडफोन काही यादीत दिसेना. आप्पा घाम पुसत आले, चहा मागितला आणि निदान सांगून मोकळे झाले. प्रत्यक्षात हेडफोन बायकोच्या आतल्या खोलीतल्या मोबाइलला जोडले गेले होते. तिने सकाळी सहज लावून पाहिले होते. "म्हणजे रुमाल टाकून सीट धरलेली," आप्पा म्हणाले. मोबाइलचं ब्लूटूथ बंद केलं, हेडफोनचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं आणि नाव उमटलं. पडद्यावरचं चाक फिरत असताना आप्पांचं चालूच: "मुकटी... पारोळा... एरंडोल... पाळधी..." जोडलं गेल्यावर त्यांनी टेबलावर दोनदा टकटक केली. डबल बेल.

आवाज मात्र लॅपटॉपच्याच पोटातून येत होता. आवाज कुठून काढायचा ते वेगळं निवडावं लागतं. तरी दोष ड्रायव्हरचाच.

दुसऱ्या दिवशी मीटिंग सुरू होताच आवाज डबड्यातून आल्यासारखा झाला. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ स्टिरिओ सोडून फोनच्या पद्धतीवर उतरतं. एकेरी रुंद रस्त्यावर दुहेरी वाहतूक सोडल्यासारखं. माइक लॅपटॉपचा निवडला आणि आवाज पुन्हा भरला. हे मी आप्पांना समजावलं. वर छाप पाडावी म्हणून सांगितलं, की ब्लूटूथ ७९ वाटांवर सेकंदाला १६०० उड्या मारतं. आप्पा गंभीर झाले. "मंग त्या ड्रायव्हरले एक लेन धरता येत नही का?"

आणि मग घात झाला. एका अपडेटनंतर लॅपटॉपमधलं ब्लूटूथच गायब झालं. मी सगळं करून पाहिलं, शेवटी कंपनीच्या साइटवरून ब्लूटूथचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नव्याने टाकला आणि सगळं सुरळीत झालं. खरोखरच ड्रायव्हरचा दोष! हे आप्पांना सांगायला नको होतं. महिनाभर ते कॉलनीत असे फिरले, जणू ब्लूटूथ त्यांनीच धुळ्यात बसून काढलं. वास्तविक ते दहाव्या शतकातल्या हॅरल्ड नावाच्या डेन्मार्कच्या राजाचं टोपणनाव. राज्यं जोडणारा राजा म्हणून ते उचललं. पण सांगतो कुणाला!

इतकं होऊनही आप्पांनी हेडफोन कधी डोक्यावर चढवले नव्हते. नेहमी डाव्या कानाशी एक वाटी धरायची आणि "आवाज ई ऱ्हायना", म्हणजे येतोय, म्हणून परत करायचे. एकदा मी बळेच दोन्ही कानांवर बसवले, जुनं वाद्यसंगीत लावलं आणि विचारलं, "उजवीकडची बासरी कशी वाटते?"

"बासरी कोठे शे?"

त्यांच्या उजव्या कानाला ऐकूच येत नव्हतं. इतके दिवस हा माणूस माझं स्टिरिओ एका कानाने दुरुस्त करत होता.

लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' म्हणून एक सोय असते. डावं-उजवं एक होऊन दोन्ही कानांत सारखंच येतं. ती सुरू केली. आप्पा एकदम गप्प झाले. ते गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले. धून संपल्यावर म्हणाले, "पुन्हा लाव."

कान कशाने गेला, मी विचारलं. धुळे-जळगाव फेरी, मध्ये इंजिन, डावीकडे कंडक्टर, उजवीकडे ड्रायव्हर, वर्षानुवर्षं तीच जोडी.

"म्हणजे आप्पा, ड्रायव्हरचाच..."

"नही भो," ते म्हणाले. "त्याना काय दोष? त्याना डावा कान गया, मना उजवा."

आता ते रोज चारला येतात. माझ्या लॅपटॉपवर मोनो अजून तसंच चालू आहे.