रॉकचा अभ्यासक्रम

चऱ्होलीच्या नव्या सोसायट्यांत असा एक काका हमखास सापडतो. विशीतल्या पोरानं सहज विचारलं, "काका, रॉक कुठून ऐकायला घेऊ?" की संपलंच. १९७१चा 'लेड झेपेलिन फोर' सक्तीचा, 'मशीन हेड' पूरक, आणि 'द डार्क साइड ऑफ द मून' एकही गाणं न गाळता, सलग ४३ मिनिटं. (चाकणच्या ट्रॅफिकमध्ये तो दोनदा होतो, ते सोडा.) वर तोंडी परीक्षा: ड्रमर कोण? फ्रेडी मर्क्युरी पाचगणीला शिकला, हे तर काका अशा थाटात सांगतात, जणू एकाच बाकावर बसायचे! पोरा, मान डोलव, आणि घरी जाऊन मुकाट क्वीनचा 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' लाव.