छत्री आग्नेयेला फिरवावी

हे मार्गदर्शन कुटुंबप्रमुखासाठी आहे. कुटुंबप्रमुख म्हणजे ज्याच्या मोबाइलवर टीव्हीचा रिचार्ज संपल्याचे मेसेज येतात तो. रिमोट ज्याच्या हातात असतो तो नव्हे. ही दोन्ही पदं एकाच व्यक्तीकडे असलेलं घर आमच्या पाहण्यात नाही. तेव्हा मेसेजवाल्याने हा मजकूर रिमोटवाल्याच्या नजरेआड वाचावा.

उद्दिष्ट साधं आहे. दरमहा चार-पाचशे रुपये खाणारी डीटीएच बंद करायची आणि तिच्या जागी प्रसार भारतीची डीडी फ्री डिश बसवायची. सगळं नवं घेतलं तरी बॉक्स, छत्री आणि वायर मिळून दीड-दोन हजारांचा एकदाच खर्च, पुढे महिन्याला शून्य. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ या नावाने सुरू झाली आणि आज देशातल्या चार कोटींहून अधिक घरांत ती असल्याचा अंदाज आहे. तुमच्या सोसायटीत मात्र ती कोणाकडेच नसते. खोदून विचारलं तर ‘गावच्या घरी आहे’ असं उत्तर मिळतं. फुकट ते पौष्टिक हे आपल्याकडे पंगतीपुरतं खरं. दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर फुकटचं काही दिसता कामा नये.

पहिलं काम पाहणीचं. ‘तुम्ही टीव्हीवर काय बघता?’ असं घरात विचारू नये, कारण उत्तरं खोटी येतात. वडील सांगतील, बातम्या आणि एखादा शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम. प्रत्यक्षात दुपारी दोन ते चार दक्षिणेकडचा एक सिनेमा हिंदीत चालू असतो, नायक एका लाथेत जीप उलटवतो आणि वडील आरामखुर्चीत घोरत असतात. टीव्ही बंद केला की डोळे न उघडता म्हणतात, “बघतोय ना मी!” हे वाक्य वहीत टिपून ठेवावं, पुढे उपयोगी पडतं. कारण जीप उलटवणाऱ्या सिनेमांचा फ्री डिशवर सुकाळ आहे. वडिलांची झोप मोडणार नाही, एवढी हमी हे मार्गदर्शन देऊ शकतं.

मग रिचार्जचा तपशील उघडावा. बहुतेक घरांत त्यात मुलांच्या कार्टूनचा एक संच सापडतो. तो घेतला तेव्हा मुलगा बालवाडीत होता. आता तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याने टीव्हीकडे शेवटचं कधी पाहिलं हे त्यालाही आठवत नाही, पण संच चालू आहे. त्याच्याखाली दोन गुजराती वाहिन्या, एक सत्संगाची आणि चार इंग्रजी बातम्यांच्या. या कोणी मागवल्या, याचा शोध घेण्यात वेळ घालवू नये. चौकशी शेवटी आपल्यापर्यंतच येऊन थांबते.

हे असं का झालं? १ फेब्रुवारी २०१९ पासून ‘ट्राय’ या नियामक संस्थेने नवी दरपद्धत लागू केली. ग्राहकाने जेवढं बघितलं तेवढ्याचेच पैसे भरावेत, असा उदात्त हेतू. १०० वाहिन्यांसाठी पायाभूत शुल्क जास्तीत जास्त १३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. सशुल्क वाहिन्यांचे पैसे निराळे. त्या शंभरात दूरदर्शनच्या वाहिन्या सक्तीच्या होत्या. म्हणजे जे आकाशातून फुकट पडत होतं, तेच आपण जीएसटीसकट झेलत होतो. पुढे हे नियम बरेचदा बदलले. पण निवडीचं स्वातंत्र्य मिळालं त्या आठवड्यात मराठी माणसाने काय केलं? वाहिन्यांची लांबलचक यादी उघडली, ‘ब’पर्यंत वाचली, चष्मा काढला आणि कंपनीने सुचवलेला तयार पॅक घेऊन टाकला.

आता अवघड भाग. छत्री फिरवायला अर्धा तास लागतो. घर फिरवायला किती लागेल हे कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेलं नाही. विषय जेवणाच्या वेळी काढू नये, मालिकेच्या वेळी तर नाहीच. सकाळी, भाजी निवडली जात असताना काढावा.

“आई, आपण ती फ्री डिश घेऊ या का? महिन्याचे पैसे वाचतील.”

“घे की. मला काय विचारतोस? मी कुठे बघते?”

याला होकार समजणारे पुरुष इतिहासात अनेक होऊन गेले. ‘मी कुठे बघते’ म्हणणारी हीच आई संध्याकाळी सातपासून कुकरच्या शिट्ट्या जाहिरातींच्या वेळात बसवते. तिसरी शिट्टी आणि मालिकेचं शीर्षकगीत यांत फार तर दहा सेकंदांचं अंतर पडतं. अशा कुशल व्यक्तीला अंधारात ठेवणं धोक्याचं आहे. म्हणून स्पष्टच सांगावं: झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या वाहिन्या सशुल्क आहेत आणि ज्या चालू मालिकांवर दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवर चर्चा होते, त्या फ्री डिशवर दिसणार नाहीत. ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ यांसारख्या वाहिन्या तिथे येऊन-जाऊन असतात. त्यांवर सिनेमे असतात, जुन्या मालिकाही असतात. जुनी मालिका पुन्हा बघताना एक सोय अशी की सून कोणत्या भागात घर सोडून जाते आणि कोणत्या भागात परत येते हे आधीच माहीत असतं. मधल्या भागांत भाजीला फोडणी देता येते. हा युक्तिवाद आईसमोर करून बघायला हरकत नाही. आमच्या माहितीत तो अजून कोणाचा चाललेला नाही.

पत्नीचा आक्षेप वेगळ्या जातीचा असतो. “अहो, महिन्याला चारशे वाचवणार आणि रविवारी मिसळ खायला गेलात की सहाशे घालवणार.” हा मुद्दा बिनतोड आहे. उत्तर देऊ नये.

अशा वेळी हुकमाचं पान काढावं, ते म्हणजे क्रिकेट. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना प्रसार भारतीलाही द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने त्यात येतात. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं ठरवलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनला आपल्या जमिनीवरच्या केंद्रांवरून आणि फ्री डिशवरूनच दाखवता येईल, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. याचा घरगुती अर्थ नीट समजून घ्यावा. महिन्याला पाचशे भरणाऱ्याने क्रीडावाहिनीचे पैसे वेगळे भरले नसतील, तर दूरदर्शन लावूनही त्याला सामना दिसत नाही. एक पैसा न भरणाऱ्याला दिसतो. करदात्याच्या आयुष्यात इतका शुद्ध न्याय क्वचितच येतो. मात्र आयपीएल यात येत नाही. ही माहिती मुलगा विचारेपर्यंत आपणहून देऊ नये.

डीटीएच बंद कशी करावी? काही करू नये. सेवा आगाऊ पैसे भरून घेतलेली असते, त्यामुळे रिचार्ज टाळला की ती आपोआप बंद पडते. काही न करणं हे काम घरातल्या पुरुषाला उपजत येतं. एक-दोन दिवसांत फोन येईल. पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात, हिंदीवरून उतरवलेल्या मराठीत, आपला मनोरंजनाचा अनुभव अजून सुंदर कसा बनवता येईल ते सांगेल आणि सवलतही देऊ करेल. इथे पुष्कळ जण घसरतात. आपण इतकी वर्षं जास्त पैसे भरत होतो, हे या सवलतीतून सिद्ध होतं, हे लक्षात ठेवावं आणि फोन ठेवावा.

मुहूर्त उन्हाळ्यातला किंवा दिवाळीनंतरचा बघावा. जुनीच छत्री चालते, तिच्यासमोरचा सिग्नल टिपणारा एलएनबीही बहुधा चालतो. फक्त बॉक्स नवा लागतो. बॉक्स घेताना एमपेग-४ चालणारा मागावा. दुकानदार एमपेग-२ चा जुना माल स्वस्तात पुढे सरकवतो आणि मग निम्म्या वाहिन्यांवर आवाज नाही की चित्र नाही. काही नव्या टीव्हींत उपग्रहाचा ट्यूनर आतच असतो. मग बॉक्सही नको. टीव्हीच्या मागे वाकून बघावं. तिथे चार वर्षांची धूळ असते, तीही या निमित्ताने निघते.

दिशा आग्नेय. वास्तुशास्त्राने हा कोपरा स्वयंपाकघराला दिला आहे, पण फ्री डिश ज्यावरून येते तो जीसॅट-१५ उपग्रह वास्तुशास्त्राचा सल्ला घेऊन सोडलेला नाही. नोव्हेंबर २०१५ मध्ये तो फ्रेंच गयानातून उडाला आणि विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर ठाण मांडून बसला आहे. पुण्यातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ५९ अंशांवर येतो. नागपुरातून थोडा अधिक दक्षिणेकडे. ज्यांच्या फ्लॅटच्या सगळ्या खिडक्या वायव्येला आहेत त्यांनी गच्ची गाठावी. गच्चीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरीची परवानगी लागते. सेक्रेटरी ‘पुढच्या सभेत घेऊ’ म्हणतील. सभेत विषय पार्किंगचा निघतो.

मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी ग्रिलजवळ धरू नये, ते भलतीकडेच दाखवतं. आणि छत्रीच्या तोंडावर भरवसा ठेवू नये. घरगुती छत्रीचा एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे ती जिकडे बघताना दिसते त्यापेक्षा तिची खरी नजर बरीच वर असते. समोरच्या इमारतीकडे टक लावून बसलेली छत्री प्रत्यक्षात त्या इमारतीच्या डोक्यावरून आकाशात बघत असते. शेजाऱ्यांनी आक्षेप घेतल्यास हे त्यांना शांतपणे समजावून सांगावं.

नट सैल करावेत, काढू नयेत. टीव्हीवर सिग्नलच्या दोन पट्ट्या दिसतात: स्ट्रेंथ आणि क्वालिटी. पहिली पट्टी छत्री शेवग्याच्या झाडाकडे वळवली तरी भरलेली दिसते. तिचा अर्थ एवढाच की वायर जोडलेली आहे. दुसरी शून्यावर झोपलेली असते. छत्री बोटभर नव्हे, नखभर सरकवायची, तीन-चार सेकंद थांबायचं, पुन्हा नखभर. बॉक्सला विचार करायला वेळ लागतो. पूर्वी गच्चीवरून ओरडून विचारत, आता टीव्हीसमोर फोन धरून व्हिडिओ कॉल लावतात. ही सुधारणा नव्हे. चित्र दोन सेकंद उशिरा पोचतं, तोवर उत्साही हात पुढे गेलेला असतो आणि खालून आवाज येतो, “होतं, होतं… गेलं!” खालच्या माणसाला फक्त क्वालिटीचा आकडा मोठ्याने वाचायला सांगावं. ‘बरंय’, ‘मघापेक्षा चांगलं’ अशी मतं नकोत. साठच्या पुढे आकडा गेला की नट आवळावेत, आवळताना तो पंचावन्नवर येतो. तेवढ्यावर समाधान मानावं. सत्तरच्या नादाला लागलेली माणसं दिवेलागणीपर्यंत गच्चीवर असतात.

मग ऑटो स्कॅन. वाहिन्या मोजून आनंदी होऊ नये, आणि त्यांना जीवही लावू नये. खासगी वाहिन्या फ्री डिशवरची जागा लिलावात घेतात. १ मार्च २०१९ ला आणि पुन्हा १ एप्रिल २०२२ ला मोठ्या कंपन्यांनी आपल्या लोकप्रिय वाहिन्या इथून काढून घेतल्या होत्या. रात्री बघत होतो ती वाहिनी सकाळी गायब, आणि दाद मागायला कोणी नाही. इथे आपण ग्राहक नसून प्रेक्षक आहोत, हा फरक तेव्हा ध्यानात येतो. पावसाळ्यातही चित्र चौकोनी तुकड्यांचं होऊन थिजतं. पण जोराची सर आली की पैसे भरणाऱ्याचंही तेच होतं. केयू बँडच्या लहरी भेदभाव करत नाहीत.

परिणाम हळूहळू दिसू लागतात. सह्याद्री वाहिनीच्या सातच्या बातम्यांत एक माणूस बोलतो आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत दुसरा थांबतो. पहिले काही दिवस टीव्ही बिघडल्यासारखं वाटतं. त्यानंतर ‘आमची माती, आमची माणसं’ या शेतीच्या कार्यक्रमाची सवय लागते. तिसऱ्या मजल्यावर राहणारा, एक तुळस आणि एक वाळका मोगरा एवढीच बागायत असलेला माणूस ऑफिसात भेंडीवरच्या तुडतुड्यांबद्दल अधिकाराने बोलू लागतो. सहकारी जागा बदलून बसतात.

थट्टा पुरे. आमचं स्पष्ट मत असं की फक्त गणपतीत आणि मे महिन्यात उघडणाऱ्या कोकणातल्या घरासाठी, गावाकडच्या आईवडिलांच्या टीव्हीसाठी, किंवा शहरातल्या दुसऱ्या खोलीतल्या जुन्या संचासाठी फ्री डिशसारखी चीज नाही. तिथे महिन्याचे पैसे भरणं म्हणजे कुलपाला भाडं देणं. जिथे संध्याकाळी सातला कुकर आणि मालिका एका तालात चालतात, त्या घरात मात्र जपून पावलं टाकावीत. छत्री हलवण्यापूर्वी तिच्या जुन्या जागेवर, नटांच्या दोन्ही बाजूंना, पक्क्या मार्करने खूण करून ठेवावी. मार्कर पाण्याने न पुसला जाणारा घ्यावा.