वसईचे सगळे डी

जावाच्या वेब-फॉर्ममध्ये ड्रॉपडाउन भरायला शिकवणारे गुरुजी उदाहरणाला नेहमी राज्यांची यादी घेतात. अठ्ठावीस राज्यं, सगळी गुणी. एकाच्याही नावात अवतरणचिन्ह नाही. या गुरुजींना एकदा वसईच्या होळी बाजारात आणून बसवावं.

तिथल्या एका पतसंस्थेची कर्जाची प्रणाली स्ट्रट्स १ या जावाच्या जुन्या चौकटीवर चालते. अपाचेने स्ट्रट्स १ ला २०१३ मध्ये निरोप दिला, पण चालत्या गाडीची खीळ काढणार कोण? त्यात जामीनदार निवडायची एक यादी होती. आधीच्या प्रोग्रामरने टॅग लायब्ररीला फाटा देऊन ती हाताने लिहिलेली: पानातच लूप आणि प्रत्येक नावाची पाठवायची किंमत (व्हॅल्यू) एकेरी अवतरणात. वर्तक, राऊत, पाटील निमूट बसले. मग आले डिसोझा. इंग्रजीत त्यांच्या ‘डी’नंतर डोक्यावर एक टिंबाएवढा स्वल्पविराम असतो. ब्राउझरला वाटलं, अवतरण संपलं. पडद्यावर अख्खे डिसोझा दिसत, तक्त्यात मात्र नुसता ‘डी’ जाई. मागोमाग डिमेलो, डिसिल्वा, डिकुन्हा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण आडनावांतला स्वल्पविराम मागे राहिला आणि त्याने आमचं पान फोडलं. निम्म्या वसईला एकच माणूस जामीन!

खरं तर यासाठीच टॅग असतो. एचटीएमएल-ऑप्शन्स-कलेक्शन त्याचं नाव. दिसायला नाव आणि पाठवायला सभासद क्रमांक, एवढं सांगितलं की लूप तोच फिरवतो, किंमत दुहेरी अवतरणात बसवतो आणि फॉर्ममध्ये आधी निवडलेलं नाव आपणहून निवडून ठेवतो. यादी मात्र त्याला आयती लागते. ती रिक्वेस्टमध्ये ठेवलीत आणि कुणी मोबाइलचा एक आकडा कमी टाकला, की फॉर्म चुकीसकट परत येतो, पण यादी येत नाही. ती जुन्या रिक्वेस्टबरोबरच गेलेली असते. मग स्ट्रट्स ‘बीन सापडत नाही’ म्हणून शिमग्यासारखी बोंब ठोकतो. जेएसटीएल या दुसऱ्या टॅग लायब्ररीचा फॉरईच त्याहून घातकी. यादी नसली तर तो काहीच छापत नाही, आणि गिऱ्हाईक बिचारं चष्मा पुसत बसतं. मला विचाराल तर बोंब परवडली.

जिल्ह्यांच्या यादीचंही तसंच. १ ऑगस्ट २०१४ ला वसई ठाण्यातून पालघर जिल्ह्यात गेली. टॅगवाल्या पानांसाठी तक्त्यातली एक ओळ बदलली, काम झालं. हाताने लिहिलेल्या पानांत ठाणे अजून सुखाने नांदतंय.

जामीनदारांच्या तक्त्यात आधीच जाऊन बसलेले जुने ‘डी’ मात्र टॅगलाही ओळखता येईनात. शेवटी क्लार्कबाई एकेकाला फोन लावू लागल्या.

“काका, कर्जाला जामीन राहिलेले डिसोझा तुम्हीच ना?”

“मी डिमेलो. डिसोझा शेजारी. पण कर्जाचं असेल ना बाय, तर तो डिसोझाच.”